जिथे 'मराठी' ही धर्माची नोंद असते

मॉरिशसच्या जनगणनेत धर्माचा प्रश्न विचारतात आणि माणूस जे सांगेल ते लिहून घेतात. त्यामुळे तिथल्या धर्माच्या तक्त्यात हिंदू, आर्यसमाजी, कबीरपंथी, रोमन कॅथलिक, मुसलमान यांच्या रांगेत तमिळ, तेलुगू आणि मराठी अशाही नोंदी सापडतात. गणपती बसवणारी, देवळात जाणारी ही माणसं, पण धर्म विचारला की 'मराठी' म्हणतात. पुढे बेरीज करताना या सगळ्यांना हिंदूंमध्ये धरतात आणि २०११च्या जनगणनेचा नेहमी दिला जाणारा आकडा तयार होतो: हिंदू ४८.५ टक्के, रोमन कॅथलिक २६.३, मुसलमान १७.३, इतर ख्रिस्ती ६.४. सुमारे साडेबारा लाख वस्तीच्या या देशात एक मोठा समाज आहे की अनेक छोटे, हे बेरजेची रेघ कुठे मारली यावर ठरतं. कोणत्याही देशाच्या विविधतेचे आकडे वाचताना ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

मॉरिशसमध्ये ती इतकी लख्ख दिसते, कारण या बेटावर मूळ रहिवासी कोणीच नव्हते. अरब खलाशांना बेट ठाऊक होतं, पोर्तुगीज येऊन गेले होते, पण वस्ती पहिल्यांदा केली डचांनी, १६३८ मध्ये, आणि १७१० पर्यंत तेही निघून गेले. १७२१ पासून फ्रेंचांनी बेट वसवलं आणि मादागास्कर, पूर्व आफ्रिकेतून गुलाम आणले. १८१० मध्ये ब्रिटिशांनी ते जिंकलं. १ फेब्रुवारी १८३५ला गुलामी संपली, उसाचे मळे मात्र वाढतच होते. त्यांच्यासाठी भारतातून करारावर मजूर आणायला १८३४ मध्येच सुरुवात झाली होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत असे साडेचार लाखांच्या आसपास लोक पोर्ट लुईच्या बंदरात उतरले. १८६१ साली बेटावरच्या दर तीन माणसांत दोन भारतीय होते. एका पिढीच्या आत एखाद्या देशाची लोकसंख्या इतकी पालटल्याची उदाहरणं जगात फार नाहीत.

बहुतेक जहाजं कलकत्त्याहून सुटायची, म्हणून भोजपुरी बोलणारे सर्वाधिक. मद्रासहून तमिळ आणि तेलुगू लोक आले. मुंबईहून आलेले सगळ्यांत कमी. त्यांत रत्नागिरी आणि आसपासचे कोकणी शेतकरी-मजूर होते, ज्यांचे वंशज आज देशाच्या वस्तीत दोन टक्क्यांच्या आसपास आहेत. गणेश चतुर्थीला तिथे देशभर सार्वजनिक सुट्टी असते. एवढ्याशा समाजाचा सण सगळ्या देशाने पाळावा, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. मजुरांच्या नोंदवह्या, पुढच्या काळातल्या छायाचित्रांसह, मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या आहेत. कोण कधी आणि कुठून आलं हे इतकं कागदावर असलेला देश अभ्यासकांसाठी दुर्मीळच.

आईकडून मुलांकडे जाणारा मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए तपासला तर तिथे भारतीय वंशरेषा बहुसंख्य आहेत, आणि त्यांच्याबरोबर आफ्रिकी आणि मादागास्करच्या वंशरेषाही ठळकपणे दिसतात. मादागास्करच्या लोकांचे काही पूर्वज हजार ते दोन हजार वर्षांपूर्वी आजच्या इंडोनेशियातून समुद्र ओलांडून आले होते. म्हणजे गुलाम म्हणून आणलेल्या बायकांच्या रक्तातून आग्नेय आशियाचा वारसाही या बेटावर पोचला. जनगणनेच्या कोणत्याही रकान्यात याची नोंद नाही.

भाषेची गोष्ट तर आणखी गुंतागुंतीची. संसदेची अधिकृत भाषा इंग्रजी, पण सदस्यांना फ्रेंचमध्ये बोलायची मुभा. शाळेचं माध्यम इंग्रजी, वर्तमानपत्रं मुख्यतः फ्रेंच. आणि घरात? २०११ साली ८६.५ टक्के लोकांनी क्रेओल सांगितली. घरात इंग्रजी बोलणारे एक टक्कासुद्धा नव्हते. क्रेओल अठराव्या शतकात मळ्यांवर घडली, तिचे बहुतेक शब्द फ्रेंच, पण व्याकरण तिचं स्वतःचं. फ्रेंच क्रियापदाची अवघड रूपं तिने टाकून दिली. 'मांझे' म्हणजे खाणं. 'मो पे मांझे' म्हणजे मी खातोय, 'मो फिन मांझे' म्हणजे माझं खाऊन झालंय, 'मो पू मांझे' म्हणजे मी खाईन. क्रियापद जागचं हलत नाही, काळ सांगतो तो आधीचा छोटा शब्द. तिला तोडकीमोडकी फ्रेंच म्हणून हिणवणाऱ्यांनी ही शिस्त एकदा नीट पाहावी. शाळेत ऐच्छिक विषय म्हणून क्रेओल आली ती थेट २०१२ मध्ये.

घरात भोजपुरी बोलणारे २००० साली सुमारे १२ टक्के होते, २०११ मध्ये ५.३ उरले. पण जनगणनेत 'पूर्वजांची भाषा' असा वेगळा प्रश्नही विचारला जात आला आहे, आणि त्याचं उत्तर देताना लोक भोजपुरी, तमिळ, मराठी अभिमानाने सांगतात. मूल घरात क्रेओल बोलतं आणि शाळेत मराठी शिकतं, असं अगदी सर्रास आढळतं. जी भाषा बोलायची नाही तीही किती जिव्हाळ्याची असू शकते, हे १९९८ मध्ये दिसलं. नव्या नोटांवर हिंदी मजकूर तमिळच्या वर छापला गेला, तमिळ समाजाने जोरदार विरोध केला आणि त्या नोटा मागे घेऊन जुना क्रम पुन्हा आणावा लागला.

आता सर्वांत नाजूक मोजणी. राज्यघटना चार समुदाय मानते: हिंदू, मुसलमान, चिनी-मॉरिशियन, आणि जीवनपद्धतीवरून या तिघांत न बसणारे सगळे 'सर्वसाधारण लोकसंख्या'. या चौथ्या कप्प्यात गुलामांचे वंशज आहेत आणि मळेवाल्या फ्रेंच घराण्यांचेही. इतकं विपरीत वर्गीकरण क्वचितच कुठे घटनेत लिहिलेलं असेल. निवडणुकीत ६२ जागा थेट मतदानाने भरतात. नंतर ज्या समुदायाला प्रतिनिधित्व कमी पडलं, त्याच्या पराभूत उमेदवारांतून जास्तीत जास्त ८ जण संसदेत घेतले जातात. १९६८ साली स्वतंत्र होताना अल्पसंख्याकांच्या मनात खरी धास्ती होती. ती या तरतुदीने कमी केली, हे मान्य करायलाच हवं. पण या हिशेबासाठी समुदायनिहाय आकडे वापरतात ते १९७२चे, कारण त्यानंतर जनगणनेत समुदाय विचारणंच बंद झालं. जुन्या आकड्यांच्या आधारावर उमेदवाराला समुदाय जाहीर करायला लावणं मनमानीचं आहे, असं संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने २०१२ मध्ये म्हटलं. २०१४च्या निवडणुकीपुरती समुदाय जाहीर करण्यातून तात्पुरती सूट देण्यात आली.

दरम्यान लोकसंख्या स्वतःच बदलली आहे. मलेरिया आटोक्यात आल्यावर १९५०च्या दशकात ती वर्षाला तीन टक्क्यांच्या जवळपास वाढत होती आणि एका स्त्रीला सरासरी सहा मुलं होत. मग कुटुंबनियोजनाचं काम सुरू झालं. कॅथलिकांना कृत्रिम साधनं नको होती, म्हणून १९६३ मध्ये नैसर्गिक पद्धती शिकवणारी त्यांची वेगळी संस्था उभी राहिली. सक्ती न करता जन्मदर झपाट्याने घसरला. आज एका स्त्रीमागे सरासरी दीड मुलंही होत नाहीत आणि लोकसंख्या आटू लागली आहे. कारखान्यांत आता बांगलादेश, नेपाळ, मादागास्कर आणि भारतातून आलेले कामगार दिसतात. तेही करारावरच आलेले आहेत, आणि घटनेतल्या चार समुदायांच्या हिशेबात त्यांना कुठेच जागा नाही.