पाठ झालेला शब्द आणि मुरलेला शब्द

‘झोपा आणि इंग्रजी शिका!’ अशा मथळ्याचे आठ-आठ तासांचे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. काळा पडदा, मागे पावसाचा आवाज, आणि संथ सुरात एक इंग्रजी शब्द, मग त्याचा अर्थ. लाखोंनी पाहिलेले. हा धंदा जुना आहे, टेपरेकॉर्डरच्या काळापासूनचा, आणि त्यातली हवाही तेव्हाच निघाली होती. 1956 साली सायमन आणि एमन्स या संशोधकांनी झोपलेल्या माणसांच्या मेंदूचा विद्युत आलेख काढत त्यांना शब्दांची यादी ऐकवली. आलेखावर खरी झोप दिसत असताना ऐकवलेलं सकाळी कुणाला आठवेना. जागेपणी आधी शिकलेले शब्द झोपेत हळू आवाजात पुन्हा ऐकवले तर थोडा फायदा होतो, असं अलीकडे काही प्रयोगांत दिसलंय. पण त्यात शिकायची मेहनत आधी जागेपणीच करावी लागते.

गंमत अशी, की शब्द शिकण्यात झोपेचा वाटा खरोखरच मोठा आहे. तो कसा, हे शोधून काढणारा प्रयोग मला इतका आवडतो की हा लेख मुख्यतः त्याच्यासाठीच लिहितोय.

पण आधी शब्द कोणते घ्यायचे ते उरकू. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाने 1961 सालच्या छापील मजकुरातून सुमारे 10 लाख शब्दांचा संग्रह केला. त्यात एकट्या ‘द’ (the) या शब्दाने जवळपास 7 टक्के जागा खाल्ली होती, आणि निम्मा मजकूर अवघ्या 135 शब्दांनी भरला होता. मायकेल वेस्ट यांनी 1953 मध्ये साधारण 2000 नित्याच्या शब्दांची यादी प्रसिद्ध केली. सर्वसाधारण मजकुराचा सुमारे 80 टक्के भाग तिच्यात येतो. म्हणून सुरुवात नित्याच्या शब्दांपासून करणं हे शहाणपणाचंच आहे. फक्त 80 टक्के या आकड्यावर फार हुरळून जाऊ नका. त्याचा अर्थ दर पाचवा शब्द अनोळखी. ‘काल रात्री पोलिसांनी दोन —— पकडले आणि त्यांच्याकडचे सगळे —— जप्त केले.’ पोलीस कळले, रात्र कळली, बातमी मात्र हातची गेली. कादंबरी किंवा वर्तमानपत्र विनासायास वाचायला 98 टक्के शब्द ओळखीचे लागतात, आणि त्यासाठी 8000 ते 9000 शब्दकुळं यावी लागतात, असा पॉल नेशन यांचा 2006 चा हिशेब आहे. (एका मूळ शब्दाची सगळी रूपं मिळून एक कूळ.) तेव्हा ‘हजार शब्दांत फाडफाड इंग्रजी’ म्हणणाऱ्याला कोणतं इंग्रजी अभिप्रेत आहे, ते आधी विचारावं.

आता मुद्द्याचं. एखादा शब्द ‘आला’ म्हणजे नक्की काय झालं?

अर्थ विचारला आणि सांगता आला, की शब्द आला असं आपण समजतो. भाषेच्या मानसशास्त्रज्ञांना एवढ्याने भागत नाही. कुणी बोलत असताना मेंदू पूर्ण शब्द होईपर्यंत थांबत नाही. ‘कॅप्ट’ एवढंच कानावर पडलं की ‘कॅप्टन’ आणि ‘कॅप्टिव्ह’ हे दोन्ही शब्द एकदम जागे होतात, आणि पुढचा आवाज येईपर्यंत त्यांच्यात चुरस चालते. भाषा अस्खलित येणाऱ्याच्या डोक्यात ही चुरस अहोरात्र चालू असते, त्याला पत्ताही नसतो. म्हणजे खरी परीक्षा ही: नवा शब्द या चुरशीत उतरतो का?

हे मोजायचं कसं? गॅरेथ गॅस्केल आणि निकोला ड्युमे यांनी 2003 मध्ये एक नामी युक्ती काढली. त्यांनी खोटे शब्द बनवले, खऱ्यांच्या अगदी जवळचे. इंग्रजीत ‘कॅथीड्रल’ हा शब्द आहे. त्यांनी ‘कॅथीड्रूक’ तयार केला. इंग्रजी मातृभाषा असलेल्या लोकांना हे शब्द पुन्हा पुन्हा ऐकवले. लगेच विचारलं तर लोक नवे शब्द जवळपास बिनचूक ओळखत होते. पण संशोधकांचं लक्ष नव्या शब्दाकडे नव्हतंच, ते होतं जुन्याकडे. एरवी ‘कॅथीड्र’ इथपर्यंत ऐकलं की दुसरा उमेदवार उरत नाही, ‘कॅथीड्रल’ बिनविरोध निवडून येतो. ‘कॅथीड्रूक’ खरोखर शब्द म्हणून दाखल झाला असेल, तर जुन्याला आता प्रतिस्पर्धी मिळाला. त्याला ओळखायला सूक्ष्मसा उशीर लागला पाहिजे. बाकावर तिसरा येऊन बसला हे आधीच्या दोघांच्या सरकण्यावरून कळावं, तसं.

शिकल्यावर लगेच मोजलं, तर काहीच उशीर नाही. काही दिवसांनी पुन्हा मोजलं, तेव्हा उशीर दिसला. मधल्या काळात कुणी उजळणी करून घेतली नव्हती.

मग 2007 मध्ये याच दोघांनी वेळ आणि झोप यांची फारकत केली. एका गटाला नवे शब्द सकाळी 8 वाजता शिकवले, दुसऱ्याला रात्री 8 वाजता, आणि दोघांनाही 12 तासांनी तपासलं. रात्रीच्या गटात मधे झोप झाली होती, तिथे चुरस सुरू झालेली दिसली. सकाळच्या गटाचे 12 तास जागेपणी गेले होते, तिथे नाही. त्याच गटाला रात्रभर झोपून आल्यावर, म्हणजे 24 तासांनी तपासलं, तर तिथेही चुरस हजर.

यामागचं कारण समजण्यासाठी मेंदूची दोन खाती पाहावी लागतात. हिप्पोकॅम्पस हा भाग नवी गोष्ट एका फटक्यात टिपतो. निओकॉर्टेक्स, म्हणजे मेंदूचं वरचं आवरण, सावकाश शिकतं. पण जुन्या शब्दांचं सगळं जाळं तिथे असतं. ही दोन खाती का लागतात, याचं उत्तर मॅक्लेलंड, मॅकनॉटन आणि ओ’रायली यांनी 1995 मध्ये मांडलं. एकाच जाळ्यात नवी माहिती घाईने कोंबली, तर जोडण्यांची वजनं (म्हणजे त्यांची ताकद) बदलून जुनी माहिती पुसली जाते. संगणकावरच्या कृत्रिम जाळ्यांत हे होताना दिसलंच होतं. म्हणून नवं आधी हिप्पोकॅम्पसमध्ये वेगळं ठेवायचं आणि जुन्याला धक्का न लावता थोडं थोडं जाळ्यात मिसळायचं. गाढ झोपेत हिप्पोकॅम्पस दिवसभरातल्या नोंदी पुन्हा वाजवतो. त्याच सुमारास मेंदूच्या विद्युत आलेखावर सेकंदाला साधारण 11 ते 15 आवर्तनांचे छोटे झटके दिसतात. त्यांना स्लीप स्पिंडल म्हणतात. 2010 च्या एका अभ्यासात ज्यांच्या झोपेत हे स्पिंडल जास्त होते, त्यांचे नवे शब्द रातोरात जास्त मिसळलेले आढळले.

हिप्पोकॅम्पस नसेल तर काय होतं? हेन्री मोलेसन या अमेरिकन माणसाच्या मेंदूतून 1953 मध्ये, अपस्माराच्या उपचारासाठी, दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढला गेला. तो पुढेही शब्दकोडी सोडवत राहिला. त्याची जुनी शब्दसंपत्ती शाबूत होती. पण 1953 नंतर इंग्रजीत रूढ झालेले शब्द त्याला फारसे कधी आलेच नाहीत.

झोपेशिवाय शब्द चुरशीत उतरतच नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. पुढच्या काही प्रयोगांत, शिकवण्याची पद्धत बदलल्यावर, ही चुरस त्याच दिवशीही दिसली आहे. तेव्हा झोप हा एक रस्ता आहे, बहुधा मोठा.

पण रात्रीचं काम व्हायला दिवसा नोंद पक्की व्हावी लागते. 2008 मध्ये कार्पिके आणि रोडिगर यांनी विद्यार्थ्यांना 40 स्वाहिली शब्द अर्थांसह शिकवले. एकदा आलेला शब्द ज्यांनी पुन्हा पुन्हा आठवून पाहिला, त्यांना आठवड्याने सुमारे 80 टक्के आठवले. ज्यांनी तो नुसता पुन्हा पुन्हा वाचला, त्यांचं प्रमाण 40 टक्क्यांच्याही खाली राहिलं. आपल्याला किती आठवेल याचा अंदाज विचारला होता. तो सगळ्या गटांचा जवळपास सारखाच, निम्म्याच्या आसपास निघाला. यादीवरून नजर फिरवताना ‘हो, हो, येतंय’ वाटतं, त्यावर विसंबू नये ते यासाठी. अर्थावर हात ठेवा, आठवून पाहा, मगच हात काढा. आज, परवा, मग आठवड्याने.

यादीचा क्रमही बघा. अर्थाने जवळचे शब्द एकत्र शिकले तर ते एकमेकांत गुंततात आणि पाठ व्हायला जास्त वेळ लागतो, असं 1990 च्या दशकात टिंकम यांना आढळलं. तरीही पुस्तकांत विरुद्धार्थी शब्दांच्या जोड्या शेजारी शेजारी छापल्या जातात. अकारविल्हे याद्या तर ‘अडॅप्ट’, ‘अडेप्ट’ आणि ‘अडॉप्ट’ असे सारख्या आवाजाचे शब्द जवळजवळ आणून बसवतात. यातला एक आज घ्या, दुसरा पुढच्या आठवड्यात, आणि तिसरा पहिले दोन न अडखळता वापरता येऊ लागल्यावर.