पडद्याला भोक, की मशीनचा भास?

‘एआय सांगणार पोटातल्या बाळाचं व्यंग, ९९ टक्के अचूक!’ असा मेसेज सध्या आमच्या गावच्या ग्रुपवर फिरतोय. खाली नमस्काराचे हात आणि ‘आता डॉक्टर कशाला?’ हा ठरलेला प्रश्न. हा ९९ मला ओळखीचा वाटला, त्याच्याकडे नंतर येतो. आधी सोनोग्राफीच्या मशीनला दिसतं काय, ते पाहू.

मिरकरवाड्याच्या किंवा हर्णैच्या बंदरात मासेमारीच्या ट्रॉलरवरचं फिशफाइंडर पाहिलं असेल. ते खाली ध्वनी सोडतं, माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवर आपटून तो परत येतो आणि स्क्रीनवर ठिपका उमटतो. सोनोग्राफीचा प्रोब, म्हणजे पोटावर फिरवतात तो दांडाही हेच करतो, फक्त त्याचा ध्वनी सेकंदाला तीस-पन्नास लाख वेळा कंप पावणारा असतो. शरीरात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५४० मीटर धरतात. म्हणजे ७.७ सेंटीमीटर खोलवरचा प्रतिध्वनी सेकंदाच्या दहा हजाराव्या भागात परत येतो. लागलेल्या वेळावरून मशीन खोली काढतं आणि प्रतिध्वनीच्या जोरावरून ठिपका किती उजळ दाखवायचा ते ठरवतं.

गंमत पुढे आहे. ध्वनी एखाद्या पातळ पडद्यावर सरळ, काटकोनात आदळला तर भरपूर परत येतो. तो पडद्याला समांतर गेला तर जवळजवळ काहीच परत येत नाही. पाचव्या महिन्यात बाळाचं हृदय असतं जेमतेम दोन सेंटीमीटरच्या आसपास. त्याच्या खालच्या दोन कप्प्यांमधला पडदा वरच्या टोकाला अगदी पातळ होतो. प्रोब हृदयाच्या टोकाकडून धरला तर ध्वनी या पडद्याला समांतर धावतो, पातळ भाग उमटतच नाही आणि धडधाकट पडद्यात चक्क भोक दिसतं. प्रोब फिरवून बाजूने पाहिलं की भोक गायब! खरं भोक मात्र दोन्हीकडून दिसतं. म्हणजे ‘भोक आहे का?’ याच्या आधी ‘मी कुठून बघतोय?’ हा प्रश्न येतो.

इथे एआयचं खरं काम सुरू होतं. चित्र म्हणजे आकड्यांचा तक्ता: काळ्याला शून्य, पांढऱ्याला २५५. त्यावरून तीन बाय तीनची छोटी चौकट सरकवायची. समजा, तिच्या डाव्या रांगेत उणे १, मधल्या रांगेत ०, उजव्या रांगेत अधिक १. प्रत्येक आकडा खालच्या ठिपक्याशी गुणायचा आणि बेरीज करायची. सगळीकडे सारखाच करडा रंग असेल तर बेरीज शून्य. डावीकडे काळं रक्त आणि उजवीकडे उजळ पडदा आला की बेरीज एकदम मोठी. चौकटीने कडा पकडली! पहिल्या थरातल्या चौकटी कडा शोधतात, त्यांची उत्तरं पुढच्या थराला जातात, तिथे कडांचे कोन जुळतात, त्यापुढे कप्पे, झडपा, बरगड्या. अशा थरांच्या साखळीला न्यूरल नेटवर्क, म्हणजे जाळं म्हणतात. चौकटीतले आकडे कोणी हाताने लिहीत नाही. उत्तर चुकलं की ते थोडेथोडे बदलत जातात, लाखो वेळा.

आता तो ९९. २०२१ साली ‘नेचर मेडिसिन’मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या गटाने गर्भाच्या हृदयदोषांवर एक अभ्यास छापला. शिकवायला १,०७,८२३ चित्रं वापरली. त्यांनी आधी एका जाळ्याकडून हृदयाची पाच ठरावीक दृश्यं निवडून घेतली आणि मगच दुसऱ्या जाळ्यांना ‘ठीक की बिघाड?’ असं विचारलं. माझ्या मते हुशारी इथेच आहे. निकालातला ०.९९ म्हणजे अचूकता नव्हे. एक दोष असलेलं आणि एक निरोगी बाळ समोर ठेवलं तर दोषवाल्याला जास्त गुण मिळण्याची ती शक्यता. खरे दोष पकडले ९५ टक्के, निरोगींना निरोगी म्हटलं ९६ टक्के.

हे आकडे आपल्याकडे लावून बघा. जन्मतः हृदयदोष हजारी साधारण ८. दहा हजार गर्भांत ८० सदोष, त्यातले ७६ सापडतील. उरलेल्या ९,९२० पैकी ४ टक्के, म्हणजे जवळजवळ ४०० निरोगी बाळांवरही घंटा वाजेल. घंटा वाजलेल्या सहा आयांपैकी पाचींचं बाळ ठणठणीत! उलट, मशीन ‘ठीक’ म्हणालं तर ते बहुतेक ठीकच असतं.

आणि ग्रहणात विळीवर भाजी चिरली म्हणून ओठ फाटलेलं मूल होतं, हे सांगणाऱ्या आज्या अजून आहेत. ओठ जुळतो तो गर्भाच्या सहाव्या-सातव्या आठवड्यात. पुढच्या ग्रहणाला तो उसवायचा कसा? पण आजीला हसणारेच ‘एआय म्हणालं’ यावर डोळे मिटून विश्वास ठेवतात. शिवाय, जे जाळं हृदय ओळखतं त्याला मुलगा-मुलगी ओळखायलाही शिकवता येईल. १९९४चा लिंगनिदानबंदी कायदा म्हणूनच अशा मशीनलाही लागू हवा, गळ्यात अडकवायचं छोटं यंत्र असलं तरी.

कोकणात अडचण वेगळी आहे. घंटा वाजली की पुढे गर्भाच्या हृदयाची खास सोनोग्राफी लागते. त्यासाठी राजापूर-देवगडच्या बाईला घाट चढून कोल्हापूर गाठावं लागतं, सावंतवाडीची गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जाते, कोणी मुंबईला. गंभीर दोषासाठी गर्भपाताचा निर्णय गर्भपात कायद्यातल्या २०२१च्या दुरुस्तीनुसार दोन डॉक्टरांच्या मताने २४ आठवड्यांपर्यंत घेता येतो. त्यापुढे वैद्यकीय मंडळाकडे जावं लागतं. तपासणी १८-२०व्या आठवड्यात झाली तर या फेऱ्यांना महिनाभर मिळतो, २३व्याला झाली तर जेमतेम आठवडा. आणि रिपोर्टमध्ये ‘हृदयाचं दृश्य नीट मिळालं नाही’ असं लिहिलं असेल तर ते ‘नॉर्मल’ समजू नका. तपासणी पुन्हा करून घ्या.