मनःशक्ती (भूमिकाखेळांतील)

कल्पनारम्य भूमिकाखेळांत, म्हणजे खेळाडू काल्पनिक पात्र होऊन खेळतो अशा खेळांत, मंत्र किंवा देवकृपेवाचून, निव्वळ मनोबळाने घडवलेल्या परिणामांना ही संज्ञा आहे. परक्याचे मन वाचणे, न शिवता वस्तू हलवणे हे तिचे परिचित प्रकार. खेळाडूंच्या बोलण्यात ‘सायॉनिक्स’ हाच शब्द चालतो.

या शब्दाच्या घडणीबद्दल मतभेद आहेत. ‘साय’ हे ग्रीक अक्षर या अर्थाने १९४२ च्या सुमारास ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट थाउलेस यांच्या लेखनातून रुळले. पुढचा ‘सायॉनिक्स’ हा जोडशब्द १९५० नंतर, जॉन कॅम्बेल संपादित करीत असलेल्या अमेरिकी विज्ञानकथा-मासिकातून पसरला. त्याचे शेपूट ‘इलेक्ट्रॉनिक्स’मधून आले, हे मत अधिक ग्राह्य दिसते, मनालाही यंत्रासारखे नियम लावण्याची ओढ त्या काळच्या कथांत होती. तलवारी आणि राक्षसांच्या जगात ही शक्ती उपरी वाटते, या जुन्या आक्षेपाचे मूळही बहुधा इथेच आहे.

डंजन्स अँड ड्रॅगन्स (१९७४) या खेळात ती १९७६ च्या तिसऱ्या पुरवणीने आली. १९७८ च्या नियमांत पात्राचा बुद्धी, शहाणपण किंवा प्रभाव यांपैकी एक गुण तरी १६ किंवा त्याहून अधिक हवा. मग शतमान फाशांचा, म्हणजे १ ते १०० आकडे देणाऱ्या फाशांचा, कौल. जादूगाराचा पाठ केलेला मंत्र म्हटला की स्मरणातून पुसला जातो. मनःशक्ती मात्र ठरावीक अंकांच्या साठ्यातून खर्च होते. समजा, बेळगावजवळच्या येळ्ळूरचा राजहंसगड डावात घेतला आणि दोन कैदी तळघरात हातपाय बांधून, तोंडात बोळा कोंबून टाकले. मंत्राला उच्चार व हस्तमुद्रा लागतात, म्हणून जादूगार तिथे निरुपयोगी ठरतो. मनःशक्तीचा धनी पहारेकऱ्याच्या डोक्यात शिरू शकतो.

ती जादूच मानावी का, हा खरा वाद आहे. वेगळी मानली तर जादूरोधक कवच तिच्यापुढे फुकट जाते, आणि जादूगाराच्या खेळाडूवर अन्याय होतो. २००४ च्या नियमांनी दोन्ही एकमेकांना रोखू शकतात असे धरले. हेच योग्य वाटते. योगसूत्रांच्या चौथ्या पादाच्या आरंभीच सिद्धी जन्म, औषधी, मंत्र, तप आणि समाधी या पाचांतून येतात असे सांगितले आहे: उगम वेगळे, फळ एकाच जातीचे. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर भंडारा उधळताना अंगात येते, ते खानापूर-निपाणीकडच्या खेळाडूने यात धरू नये. तिथे शक्ती देवीची, माणूस केवळ ‘झाड’, म्हणजे तिचे वाहन. खेळाच्या भाषेत ते पुजाऱ्याचे खाते.

पाथफाइंडर खेळाच्या २०१५ च्या नियमांत अशा मंत्रांना उच्चार व हस्तमुद्रांऐवजी विचार आणि भावना लागतात. त्यामुळे तळघरातला तोच मनःशक्तीचा धनी भयाच्या प्रभावाखाली असेल, तर भावना लागणारा मंत्र त्याला योजता येत नाही.