ताडाचं पान आणि पोथीचा आकार

१८९० साली हॅमिल्टन बॉवर या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याला मध्य आशियातल्या कुचा इथे एक जुनी पोथी मिळाली. काळ पाचव्या-सहाव्या शतकाचा, भाषा संस्कृत, विषय मुख्यतः वैद्यक. पहिल्याच प्रकरणात लसणीचं भरभरून कौतुक. मला मात्र लसणीपेक्षा तिची पानं चक्रावून टाकतात. ती भूर्जाच्या सालीची आहेत, पण कापलीत आडवी, लांबट, आणि दोरा ओवायला प्रत्येकात भोकही पाडलंय. भूर्जाला यातल्या कशाचीच गरज नव्हती.

भूर्ज हा हिमालयात उंचावर वाढणारा वृक्ष. त्याच्या सालीचे पातळ पापुद्रे सहज सुटतात. सालीत बेट्युलिन नावाचं पांढरं द्रव्य असतं, त्यामुळे तिच्यात पाणी लवकर मुरत नाही आणि बुरशीही चटकन धरत नाही. रुंद तुकडा हवा तर रुंद काढा, लांब हवा तर तुकडे जोडत जा. गांधारातल्या, म्हणजे आजच्या वायव्य पाकिस्तान आणि पूर्व अफगाणिस्तानातल्या, बौद्ध भिक्षूंनी इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास तेच केलं. खरोष्ठी लिपीत लिहिलेल्या त्यांच्या भूर्जपत्राच्या गुंडाळ्या मातीच्या मडक्यांत टिकून राहिल्या आणि १९९४ साली ब्रिटिश लायब्ररीत पोचल्या.

ताडाच्या पानाला असली मोकळीक नाही. त्याच्या शिरा लांबीच्या दिशेने समांतर धावतात. मधली शीर काढून टाकली की हाती उरते ती अरुंद पट्टी. भारतावर ग्रंथ लिहिणाऱ्या अल्-बिरुनी या विद्वानाने १०३०च्या सुमारास नोंदवलेलं माप आहे लांबीला हातभर आणि रुंदीला तीन बोटं. पट्ट्या उकळायच्या, वाळवायच्या, घासून गुळगुळीत करायच्या. दक्षिणेत त्यावर लोखंडी लेखणीने अक्षरं कोरत आणि वरून काजळी चोळत, म्हणजे ती खाचांत बसून अक्षर उठून दिसे. उत्तरेत शाईने लिहीत. आडवी रेघ कोरली तर पान शिरेवर चिरतं, म्हणून ओडिया, मल्याळम यांसारख्या लिप्या वाटोळ्या झाल्या, असं सांगतात. पटण्यासारखं आहे, पण तमिळमध्ये आडव्या रेघा आहेतच की!

अशा पट्ट्यांची गुंडाळी होत नाही, त्यांना शिवणही घालता येत नाही. म्हणून भोक, दोरा आणि वर-खाली लाकडी फळ्या. दमट हवा आणि कसर यांच्यापुढे पान फार टिकत नसे, म्हणून नकलांवर नकला करत राहावं लागे. नेपाळच्या थंड हवेत नशीब बरं: इ.स. ८७८ची सुश्रुतसंहितेची ताडपत्री प्रत काठमांडूत अजून आहे.

कुचाच्या पोथीचं कोडं इथेच सुटतं. पोथी म्हटल्यावर लेखकाच्या डोळ्यापुढे ताडपत्रच येत असणार. साल त्या मापात बसवली गेली. पुढे गुजरातेतल्या जैन लेखनिकांनी कागद स्वीकारला, तरी पानाच्या मध्यभागी भोकापुरती जागा कोरी सोडली. दोरा ओवायचाच नव्हता, म्हणून त्या जागी लाल टिकली काढली, कधी नक्षीसुद्धा. मराठी पोथ्याही कागदावर आल्या त्या आडव्या, सुट्या पानांच्या, बासनात बांधलेल्या. एकोणिसाव्या शतकात शिळाप्रेस, म्हणजे दगडावरून छापायचं यंत्र, आला. उभी, शिवलेली पुस्तकं तोवर छापली जात होती. पोथ्या मात्र त्या यंत्रावरही आडव्याच निघाल्या.