कलम 326 ते कलम 124: अ‍ॅसिड हल्ल्याच्या कायद्यामागचा प्रवास

2013 पर्यंत आपल्याकडे अ‍ॅसिड हल्ला हा स्वतंत्र गुन्हाच नव्हता. पोलीस भारतीय दंड संहितेचे कलम 326 लावत, म्हणजे घातक साधनाने केलेली गंभीर दुखापत. त्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती, पण किमान शिक्षा नव्हती. विधी आयोगाने 226व्या अहवालात वेगळे कलम सुचवले. बांगलादेशने त्याआधीच, 2002 मध्ये, दोन कायदे केले होते: एक हल्लेखोरासाठी, दुसरा अ‍ॅसिडच्या विक्रीवर नियंत्रणासाठी. आपल्याकडे विक्रीचा प्रश्न न्यायालयात नेला तो स्वतः अशा हल्ल्यातून वाचलेल्या दिल्लीच्या लक्ष्मी अग्रवाल यांनी, 2006 च्या जनहित याचिकेतून.

फेब्रुवारी 2013 पासून 326अ आणि 326ब ही कलमे आली. हल्ल्याला किमान 10 वर्षे, नुसत्या प्रयत्नालाही किमान 5. इजा कायमची बरी न होणारी असलीच पाहिजे, अशी अटही ठेवली नाही. मे महिन्यात वांद्रे टर्मिनसवर एका परिचारिकेवर अ‍ॅसिड फेकले गेले. नौदलाच्या रुग्णालयात रुजू होण्यासाठी ती मुंबईत आली होती. महिनाभरात ती गेली. 18 जुलैला सर्वोच्च न्यायालयाने विक्रीवर बंधने घातली: 18 वर्षांखालील कोणालाही विक्री नाही, खरेदीदाराचे पत्त्यासह ओळखपत्र आणि कारण नोंदवहीत, साठ्याची माहिती उपविभागीय दंडाधिकाऱ्यांना, नाहीतर 50,000 रुपयांपर्यंत दंड. आदेश चांगला होता. पण संडास-फरशी साफ करायचे अ‍ॅसिड किराणा आणि हार्डवेअरच्या दुकानांत वर्षानुवर्षे साबणासारखे विकले जात होते. तिथे वही तपासायला माणूसच गेला नाही, तर आदेश कागदावरच राहतो.

त्याच आदेशात किमान 3 लाखांची भरपाई ठरली, त्यातले 1 लाख 15 दिवसांत. हा पहिला लाख का महत्त्वाचा, ते उपचारांवरून कळते. पहिली गरज वाहत्या पाण्याची: भिजलेले कपडे काढून निदान 20 ते 30 मिनिटे धुवायचे, एका डोळ्यातले पाणी दुसऱ्यात जाऊ न देता. दूध, तेल, मलम, सोडा काहीही नको. मग मृत कातडी काढून, बहुधा मांडीची त्वचा घेऊन त्वचारोपण. पण व्रण आकसतो. पापणी मिटत नाही, बुबुळ उघडे पडून कोरडे होते आणि सुरुवातीला वाचलेली दृष्टी नंतर जाऊ शकते. मान छातीकडे ओढली जाते, नाकपुड्या आवळतात. म्हणून व्रण दाबून धरणारे घट्ट कपडे महिनोन्‌महिने जवळजवळ दिवसभर घालावे लागतात, आणि टप्प्याटप्प्याने शस्त्रक्रिया चालू राहतात.

एप्रिल 2015 मध्ये न्यायालयाने स्पष्ट केले की खासगी रुग्णालयालाही मोफत उपचार द्यावेच लागतील. औषधे, जेवण, खाट आणि पुनर्रचना शस्त्रक्रिया धरून. पहिल्यांदा नेलेल्या रुग्णालयाने अ‍ॅसिड हल्ल्याचे प्रमाणपत्र द्यायचे. हा कागद मागून घ्यायलाच हवा. पुढच्या रुग्णालयात तोच दाखवावा लागतो. फिर्यादीत, दंड संहितेच्या जागी आता आलेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम 124 आहे का, हेही तेव्हाच पाहावे. साध्या दुखापतीचे कलम लागले तर भरपाईचा अर्ज अडू शकतो.

भरपाईचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा. 2018 च्या राष्ट्रीय योजनेत चेहरा विद्रूप झाल्यास 7 ते 8 लाख आहेत. महाराष्ट्राच्या मनोधैर्य योजनेत कमाल 10 लाख. राष्ट्रीय योजनेत 75 टक्के रक्कम मुदत ठेवीत जाते, किमान तीन वर्षांसाठी. उपचारांसाठी ती आधी काढता येते, पण त्यासाठी पुन्हा अर्ज लागतो. हे अनेकींना कोणी सांगतच नाही, आणि पैसे असूनही शस्त्रक्रिया लांबते.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने अ‍ॅसिड हल्ल्यातील पीडितांना दिव्यांग मानले. एप्रिल 2025 मध्ये न्यायालयाने डिजिटल केवायसीत, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणीत, पापण्या मिटण्याला पर्याय द्यायला सांगितले. मिटणारी पापणीच नसेल तर बँक खाते उघडायचे कसे? मात्र दिव्यांग कायद्याची व्याख्या अ‍ॅसिड ‘फेकल्याने’ विद्रूप झालेल्यांचीच आहे. ज्यांना ते जबरदस्तीने पाजले गेले, त्यांची अन्ननलिका जळते, चेहरा तसाच राहतो. अशा पीडिता या व्याख्येबाहेर राहतात, हा प्रश्न 2025 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयापुढे आला.