अपंगत्वाची मोजणी व गरजांचे मूल्यमापन (भारत)

देशात अपंग व्यक्ती किती आहेत, त्यांचे अपंगत्व कोणत्या प्रकारचे आहे, त्यांना जगण्यासाठी काय लागते आणि त्यांच्यासाठी केलेले कायदे व योजना प्रत्यक्षात त्यांच्यापर्यंत पोहोचतात का, हे तपासण्याचे काम. भारतात ते मुख्यतः तीन वाटांनी होते : जनगणना, राष्ट्रीय नमुना पाहणी आणि सरकारी रुग्णालयांतून मिळणारे अपंगत्व प्रमाणपत्र. तिन्हींत अपंगत्व मोजले जाते. गरज विचारण्याची सवय मात्र अजून लागलेली नाही. सरकारी व्यवहारात ‘दिव्यांग’ हा शब्द आता रूढ झाला आहे. अपंग हक्क चळवळीतल्या अनेकांना तो पटत नाही, म्हणून येथे ‘अपंग’ हाच शब्द ठेवला आहे.

ब्रिटिश अमदानीत १८७२ पासून १९३१ पर्यंतच्या जनगणनांमध्ये आंधळे, मुकबहिरे, वेडे आणि कुष्ठरोगी अशा नोंदी होत. नंतर पन्नास वर्षे हा प्रश्नच गाळला गेला. १९८१ हे आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष होते. त्या वर्षीच्या जनगणनेत तो परत आला, पण पूर्ण अंध, पूर्ण पंगू आणि पूर्ण मुके एवढ्यांपुरताच. १९९१ मध्ये पुन्हा वगळला. २००१ मध्ये तो परत घेतला गेला तो अपंग हक्क कार्यकर्ते जावेद अबिदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लावून धरल्यामुळे. ज्यांची गणतीच नाही त्यांच्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद कशाच्या आधारावर मागायची, हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता. २००१ मध्ये २.१९ कोटी आणि २०११ मध्ये २.६८ कोटी अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. लोकसंख्येशी हे प्रमाण अनुक्रमे २.१३ व २.२१ टक्के पडते. २०११ च्या नोंदींपैकी सुमारे ६९ टक्के व्यक्ती खेड्यांत राहणाऱ्या होत्या. महाराष्ट्रातील संख्या सुमारे २९.६ लाख होती.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालात जगातील सुमारे १३० कोटी लोकांना, म्हणजे १६ टक्क्यांना, लक्षणीय अपंगत्व असल्याचे म्हटले आहे. कुठे १६ आणि कुठे सव्वादोन! व्याख्या वेगळ्या असल्याने आकडे थेट शेजारी ठेवता येत नाहीत हे खरे, पण बराचसा फरक प्रश्न विचारण्याच्या रीतीतून येतो. २०११ च्या जनगणनेच्या प्रश्नावलीत प्रत्येक माणसाबद्दल आधी एक प्रश्न होता : ही व्यक्ती मानसिक वा शारीरिकदृष्ट्या अपंग आहे का? उत्तर ‘हो’ आले तरच प्रगणक प्रकाराकडे वळायचा. आता दारात प्रगणक उभा आहे, शेजारी डोकावताहेत आणि उत्तर घरातला कर्ता माणूस देतो आहे. आजीला ऐकू येत नाही, ते वयामुळे. धाकट्याला फेफरे येते, ते औषधाने बरे होईल. लग्नाच्या मुलीचा विषय तर निघतच नाही. ‘अपंग कुणी नाही’ म्हणून पुढचा रकाना. कुणी खोटे बोललेले नसते. प्रश्नच असा आहे की त्यातून माणसे गळून पडतात.

याला पर्याय उपलब्ध आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाच्या पुढाकाराने २००१ मध्ये स्थापन झालेल्या वॉशिंग्टन गटाने सहा साधे प्रश्न तयार केले. चष्मा लावूनही दिसायला त्रास होतो का? यंत्र लावूनही ऐकायला? चालायला किंवा पायऱ्या चढायला? लक्षात ठेवायला, स्वतःचे आंघोळ-कपडे करायला, आपले म्हणणे समोरच्याला सांगायला? उत्तरे चार : त्रास नाही, थोडा होतो, खूप होतो, जमतच नाही. ‘अपंग’ हा शब्द त्यात कुठेही नाही. आजीबद्दल असे विचारले तर घरचे लगेच सांगतात.

प्रमाणपत्राची वाट याहून खडतर आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी संयुक्त राष्ट्रांचा अपंग हक्क करार मान्य केला. त्याला धरून झालेल्या २०१६ च्या कायद्यात ते २१ झाले. सिकलसेल व थॅलेसेमिया हे रक्ताचे आजार, स्वमग्नता (ऑटिझम), ॲसिडहल्ल्याने आलेले अपंगत्व हे सगळे त्यात आले. मात्र नोकरीतील ४ टक्के आणि उच्च शिक्षणातील ५ टक्के आरक्षणासारखे मोठे लाभ किमान ४० टक्के अपंगत्व असणाऱ्यांनाच मिळतात. म्हणून अपंग माणसाला कचेरीत पहिला प्रश्न ‘काय अडचण आहे?’ असा होत नाही, ‘किती टक्के?’ असा होतो. जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये ठरलेल्या वारी डॉक्टरांचे बोर्ड बसते. पहाटेच्या एसटीने आलेली माणसे, कडेवर मोठी झालेली मुले, हातात जुन्या रिपोर्टांची पिशवी. डॉक्टर सांध्याची हालचाल, स्नायूंची ताकद, ऐकण्याची पातळी मोजून राजपत्रातील तक्त्याप्रमाणे टक्के लावतात. दोन अपंगत्वे असतील तर सूत्र आहे : जास्त टक्केवारी ‘अ’, कमी ‘ब’ धरून अ + ब × (९० − अ) ÷ ९०. पायाचे ५० आणि कानाचे ३० असतील तर एकूण ८० धरत नाहीत, ६३ च्या आसपास येतात. ३८ टक्के भरलेला माणूस आणि ४२ टक्केवाला यांच्या रोजच्या जगण्यात कदाचित काडीचा फरक नसतो. हक्कांत मात्र जमीन-अस्मानाचे अंतर पडते.

शरीर मोजून गरज कळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही ऑक्टोबर २०२४ मध्ये मान्य केले. मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेल्या त्या प्रकरणात वाचा-भाषेचे अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्याला एमबीबीएसचा प्रवेश नाकारला होता. नुसत्या टक्केवारीवरून अपात्र ठरवता येणार नाही. हा अभ्यासक्रम त्या विद्यार्थ्याला प्रत्यक्ष झेपेल का, याची कारणे बोर्डाने नोंदवली पाहिजेत, असे न्यायालयाने सांगितले. २०१६ च्या कायद्याचे ३८ वे कलमही याच दिशेचे आहे. जास्त आधार लागणाऱ्या व्यक्तीला तो मागता यावा आणि मंडळाने तिच्या गरजेची तपासणी करावी, अशी त्यात तरतूद आहे. कायद्यातले सर्वांत मोलाचे आणि सर्वांत कमी वापरले गेलेले हे कलम असावे.

धोरण किती पोहोचले याचे सर्वांत उघडे चित्र राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७६ व्या फेरीत (जुलै ते डिसेंबर २०१८) दिसते. प्रमाणपत्र होते फक्त २८.८ टक्के अपंग व्यक्तींकडे. सरकारकडून कसलीही मदत मिळालेले २१.८ टक्के होते. सात वर्षांवरील अपंगांत साक्षरता ५२.२ टक्के, आणि १५ वर्षांवरील जेमतेम २३.८ टक्के कामात किंवा कामाच्या शोधात. प्रमाणपत्र ही योजनांची किल्ली असेल, तर दहातल्या सात जणांना कुलूपच उघडता येत नाही. केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय अपंग निवृत्तिवेतनासाठी तर ८० टक्के अपंगत्व आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंब अशी दुहेरी अट आहे. त्यात केंद्राचा वाटा २०१२ पासून ८० वर्षांखालील व्यक्तीला महिना ३०० रुपये इतकाच आहे.

महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग काढला. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचे ५ टक्के अपंगांवर खर्च करायचे, असा येथे नियम आहे. अनेक गावांत ती रक्कम यादीतल्या सगळ्यांना सारखी वाटून मोकळे होतात. चाकाच्या खुर्चीवरच्या बाईच्या हातात काही रुपये येतात. शौचालयाची पायरी तशीच राहते. एखाद्या ग्रामसभेत त्या बाईलाच ‘तुला काय लागतं?’ असे विचारले गेले, तर पायरीच्या जागी उतार कदाचित त्याच पैशात होईल.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) अपंगत्वाचा प्रश्न प्रथमच विचारला गेला आणि सहाव्या फेरीत लगेच वगळला गेला. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे अजूनही २०११ च्या आकड्यांवरच नियोजन चालते. पुढील जनगणनेचा संदर्भदिनांक १ मार्च २०२७ आहे. २१ प्रकारांचा कायदा आल्यानंतरची ती पहिलीच जनगणना असेल.