भाषाविज्ञानाचा पहिला पेपर : अभ्यासक्रमामागचा इतिहास

महाराष्ट्रातील बहुतेक विद्यापीठांत मराठी विषय घेऊन एम. ए. करणाऱ्या विद्यार्थ्याच्या वाट्याला भाषाविज्ञानाचा एक पेपर येतो, आणि त्याचा आराखडा थोड्याफार फरकाने सगळीकडे सारखाच असतो. आधी भाषेचे स्वरूप आणि भाषाकुले (एका मूळ भाषेतून निघालेल्या भाषांची कुटुंबे), मग स्वन (उच्चारलेला ध्वनी) व स्वनिम (अर्थभेद करणारा ध्वनी), त्यानंतर रूपिम (शब्दाचा सर्वांत लहान अर्थपूर्ण घटक), पुढे वाक्य आणि अर्थ, आणि अगदी शेवटी, वर्ग संपत आले असताना, बोली व समाज. साहित्याच्या ओढीने मराठीकडे वळलेला विद्यार्थी या पेपरापाशी हमखास अडखळतो, कारण पहिल्या घटकात त्याला इतिहास सांगितला जातो आणि दुसऱ्याच घटकात तो इतिहास बाजूला ठेवायला सांगितले जाते. हा क्रम विषयाच्या अंगभूत तर्काने ठरलेला नाही. वेगवेगळ्या काळांत, वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेल्या विचारांचे थर एकावर एक साचत जाऊन हा अभ्यासक्रम तयार झाला आहे.

सर्वांत खालचा थर तौलनिक-ऐतिहासिक अभ्यासाचा. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांचा उगम एकाच मूळ भाषेत असावा, असे मत मांडले. १८१६ मध्ये फ्रान्झ बॉप यांनी या भाषांतील क्रियारूपांची पद्धतशीर तुलना केली आणि जर्मन विद्यापीठांत या शास्त्राचा पाया घातला गेला. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांच्या नावाने तेथे भाषाशास्त्रविषयक व्याख्यानमाला सुरू झाली आणि १८७७ मध्ये रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी त्या मालेत सात व्याख्याने दिली. संस्कृतपासून पाली, प्राकृत आणि अपभ्रंश या टप्प्यांतून मराठी, हिंदी, गुजराती यांसारख्या भाषा कशा घडल्या, हा त्यांचा विषय. ही व्याख्याने ग्रंथरूपाने १९१४ मध्ये निघाली. मराठी माणसाच्या दृष्टीने आधुनिक भाषाशास्त्राचा प्रवेशपाठ येथून सुरू होतो, असे म्हणायला हरकत नाही.

या पद्धतीची ताकद एका साध्या उदाहरणात दिसते. संस्कृतातील सर्प, हस्त आणि कर्म या शब्दांची प्राकृतात सप्प, हत्थ आणि कम्म अशी रूपे झाली. मराठीत तेच साप, हात आणि काम झाले. जोडाक्षरातील एक व्यंजन गळाले आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा ऱ्हस्व स्वर दीर्घ झाला. पंजाबीने मात्र ही भरपाई केली नाही. तेथे आजही सप्प, हत्थ, कम्म असेच बोलतात. शब्द सुटे बदलत नाहीत, ध्वनी नियमाने बदलतात, आणि शेजारची भाषा त्याच नियमाला कुठे फाटा देते हेही दाखवता येते, हे एकदा ध्यानात आले की व्युत्पत्ती हा अंदाजाचा खेळ उरत नाही. (हे ध्यानात न घेता नादसाम्यावरून केलेल्या व्युत्पत्त्यांची मराठीत कमतरता नाही, विद्वानांनीही त्यात भर घातली आहे.)

पुढे फ्रेंच अभ्यासक झ्यूल ब्लॉक यांनी मराठीच्या घडणीवर लिहिलेला ग्रंथ १९२० मध्ये प्रसिद्ध झाला आणि वासुदेव गोपाळ परांजपे यांनी १९४१ मध्ये तो मराठीत आणला. कृ. पां. कुलकर्णी यांचा मराठीच्या उगम-विकासावरील ग्रंथ १९३३ चा. या सगळ्याचा परिणाम असा झाला की विद्यापीठीय मराठीत भाषाशास्त्र म्हणजे मराठीच्या जन्माची कथा, हे समीकरण पक्के झाले. मराठी संस्कृतपासून निघाली की प्राकृतापासून, हा प्रश्न परीक्षेत पिढ्यान्‌पिढ्या विचारला जात राहिला. आज बोलली जाणारी मराठी कशी चालते, हा प्रश्न मात्र व्याकरणकारांकडे सोपवलेला होता.

दुसरा थर पुण्यात, येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात तयार झाला. १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा म्हणून सुरू झालेली ही संस्था १९३४ मध्ये सरकारने बंद केली. माजी विद्यार्थ्यांच्या खटपटीनंतर १९३९ मध्ये ती पदव्युत्तर आणि संशोधन संस्था म्हणून पुन्हा उभी राहिली. भाषाशास्त्राची धुरा सुमित्र मंगेश कत्रे यांच्याकडे आली आणि पुढे ते संस्थेचे संचालकही झाले. कत्रे स्वतः जुन्या पठडीतले, कोकणीच्या घडणीवर काम केलेले अभ्यासक होते. पण नव्या पद्धतीला दार त्यांनीच उघडून दिले. रॉकफेलर फाउंडेशनच्या साहाय्याने १९५४ पासून डेक्कन कॉलेजाने भाषाविज्ञानाचे अल्पमुदतीचे वर्ग भरवायला सुरुवात केली. त्यांत अमेरिकी भाषावैज्ञानिक शिकवायला येत आणि देशभरातले तरुण अध्यापक शिकायला. भारतातील भाषाविज्ञानाची एक अख्खी पिढी या वर्गांतून घडली.

येथे शिकवले जाई ते वर्णनात्मक भाषाविज्ञान, म्हणजे इतिहासात न शिरता भाषा आज जशी बोलली जाते तशी नोंदवणारे शास्त्र. त्याचे एक मूळ जिनिव्हात होते. स्विस भाषावैज्ञानिक फेर्दिनां द सोस्यूर यांनी १९०७ ते १९११ या काळात तेथे सामान्य भाषाविज्ञानाचा अभ्यासक्रम तीनदा शिकवला, आणि त्यांच्या निधनानंतर विद्यार्थ्यांच्या टिपणांवरून तो १९१६ मध्ये ग्रंथरूपात आला. वर्गातल्या टिपणांतून एका शास्त्राचा पायाभूत ग्रंथ तयार व्हावा, हे क्वचितच घडते. भाषेचा इतिहास आणि भाषेची एका वेळची व्यवस्था या दोन गोष्टी वेगळ्या ठेवून अभ्यासल्या पाहिजेत, हा त्यातला मुख्य आग्रह. अमेरिकेत लेनर्ड ब्लूमफील्ड यांनी १९३३ च्या ग्रंथातून वर्णनाची शिस्त बसवली. ध्वनी आधी, मग शब्दाचे घटक, मग वाक्य, हा आपल्या पेपरातला क्रम त्या परंपरेतून आला आहे. आधी न ऐकलेली भाषा समोरच्या भाषकाच्या तोंडून ऐकून नोंदवायची, तर याच पायऱ्यांनी चढावे लागते. मराठी विद्यार्थ्याला आपली भाषा आधीच येत असते, तरीही त्याला तीच शिडी दिली जाते.

अर्थात शिडी निरुपयोगी नाही. ‘जरा थांब’ यातला जरा आणि ‘जरा-मरण’ यातला जरा लिहायला एकच. उच्चारताना मात्र पहिल्यात जीभ दातांशी जाते, दुसऱ्यात टाळूशी. उच्चार बदलला की अर्थ बदलतो, म्हणून मराठीत हे दोन स्वतंत्र स्वनिम ठरतात. चाक आणि चार यांतल्या च-चा भेदही असाच आहे. देवनागरी या भेदाची दखल घेत नाही, त्यामुळे लिहिता-वाचता येणारा माणूस तो रोज पाळूनही सांगू शकत नाही. लिपी आणि भाषा यांची गल्लत सुटणे, ही या पेपराची पहिली खरी कमाई होय.

या अमेरिकी भाषावैज्ञानिकांचा पाणिनीशी संबंध मोठा गमतीचा आहे. सुमारे चार हजार सूत्रांची त्याची अष्टाध्यायी ब्लूमफील्ड यांना मानवी बुद्धीच्या सर्वोच्च स्मारकांपैकी एक वाटत होती. नोम चॉम्स्की यांनी १९५७ मध्ये वर्णनवादाला आव्हान देऊन वाक्यरचनेला केंद्रस्थान दिले, आणि १९६५ मध्ये त्यांनीही पाणिनीच्या व्याकरणाकडे आपल्या सिद्धांताचा पूर्वावतार म्हणून बोट दाखवले. पुण्यातल्या पाठशाळांत पाणिनी कधी खंडित झालाच नव्हता. भाषाविज्ञानाच्या वर्गात मात्र तो अमेरिकेची वाट धरून आला.

नव्या शास्त्राला मराठीत आणण्याचे काम ना. गो. कालेलकर आणि अशोक केळकर यांनी केले. कालेलकरांच्या ‘भाषा : इतिहास आणि भूगोल’ या ग्रंथाला १९६७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. केळकरांनी १९५८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात मराठीच्या स्वनव्यवस्थेवर आणि रूपव्यवस्थेवर प्रबंध लिहिला आणि १९६२ पासून ते डेक्कन कॉलेजात शिकवत होते. त्याच दशकात अमृत घाटगे यांनी कुडाळी, महाडची कुणबी, काणकोणची कोकणी अशा बोलींची वर्णने एकेका पुस्तकात सिद्ध केली. वर्गात शिकलेली पद्धत गावात नेऊन वापरणे म्हणजे काय, हे दाखवणारे यापेक्षा चांगले मराठी उदाहरण माझ्या मते दुसरे नाही. आजच्या विद्यार्थ्याला मात्र ती पुस्तके बहुधा नावानेही ठाऊक नसतात.

बोली आणि समाज हा शेवटचा घटक सर्वांत उशिरा आला, आणि त्यातले जगभर शिकवले जाणारे एक उदाहरण सांगली जिल्ह्यातले आहे. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये कुपवाड गावाविषयी लिहिले. तेथे कन्नड, मराठी आणि उर्दू पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदत होत्या. ‘पाला जरा कापून घेऊन आलो’ हे वाक्य तिन्ही भाषांत म्हटले तर शब्द ज्या त्या भाषेचे राहत, पण मांडणी जवळजवळ घटकास घटक जुळत असे. कन्नड द्राविडी कुलातली आणि मराठी-उर्दू आर्य कुलातल्या, ही पहिल्या घटकात शिकलेली विभागणी या गावापुरती अपुरी पडते. तरीही आपल्याकडच्या बऱ्याच वर्गांत भाषाकुलांचा तक्ता पाठ करून घेतला जातो आणि कुपवाडपर्यंत पोचण्याआधीच सत्र संपते.